दोन झेंड्यांची वाट

२०२४ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि चहा सोडून मला तिसरा वसंत लागला होता.

यंदा पुन्हा तो वारा सुटला आहे. आमच्या या परदेशी उपनगराचा, पॉइंट कुकचा, वारा समुद्राकडून येतो आणि वाटेत त्याला अडवायला काही नाही. सगळी नवी घरं, एका उंचीची, एका रंगाची. कचऱ्याचे डबे रस्त्यात आडवे पडतात, कुंपणाच्या फळ्या करकरतात, वॉटलची झाडं हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी होतात आणि निम्म्या गल्लीला शिंका सुटतात. काल सकाळी मागच्या मैदानावरून शिट्टी ऐकू आली. हातातलं काम टाकून मी खिडकीशी गेलो. पोरी पळत होत्या. आमची त्यांत नव्हती. नसणार हे मला ठाऊक होतं. तरी गेलो.

माझं शिक्षण चौथी. मी कराडकडचा गवंडी, पुढं पुण्यात उभा जन्म भिंती बांधल्या. लिहायची सवय नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी गळ घातली, आबा, एखाद्या ऋतूवर लिहा, कुठलाही चालेल. मला एकच ऋतू लिहिता येतो. तो संपलेला आहे.

केतकी माझी नात. प्रमोदची, म्हणजे माझ्या मुलाची, एकुलती एक. जन्म इथलाच. माझी बायको गेल्यावर मी इकडं आलो तेव्हा केतकी आठ वर्षांची होती. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मी तिच्याशी मराठीत. दोघांनीही माघार घेतली नाही, आणि तशातच दोघांना एकमेकांचं कळायला लागलं. शाळेतून आली की माझा चहा करायचा हे तिचं काम, तिच्या आईनं, अश्विनीनं, लावून दिलेलं. ओट्याला हात पुरायचा नाही म्हणून स्टुलावर उभी राहायची. आलं ठेचताना दोन तुकडे हमखास खाली पडायचे. साखर नेहमी जास्त.

"आबा, टू मच?"

"नाही. बरोबर आहे."

तो गोडमिट्ट चहा मी दहा वर्षं प्यायलो आणि एकदाही खरं बोललो नाही. चहा म्हणजे माझा सगळा दिवस होता. साइटवर परांचीवर उभ्याउभ्या प्यायचो, हाताला सिमेंट लागलेलं असायचं. जेवण चुकलं तर चालायचं. चहा चुकलेला आठवत नाही.

इथली फूटी म्हणजे आपल्या गोल चेंडूचा फुटबॉल नाही. मैदान अंड्यासारखं, चेंडू बदामासारखा, आपटला की कुठं उसळेल नेम नाही. दोन्ही टोकांना चार चार खांब, दोन उंच, दोन ठेंगणे. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेनं पार गेला की गोल, सहा गुण, आणि खांबांपाशी उभा असलेला अंपायर दोन झेंडे हलवतो. बाजूच्या फटीतून गेला, खांबाला लागला, किंवा जाताना पलीकडच्या संघातल्या कुणाच्या बोटाला नुसता शिवला, तर एक गुण. एक झेंडा.

हे सगळं मला शेजारच्या रॉननं कुंपणावरून शिकवलं. रॉन जुना प्लंबर. माझं इंग्रजी साइटवरचं, त्याचं नाकातलं, पण विटा आणि पाइप यांवर सुरुवात झाली की आमचं जमायचं. मला तो एक गुण सुरुवातीला फार आवडला होता. मी रॉनला म्हटलंही, तुमचा खेळ चांगला आहे, चुकलेल्यालाही रिकाम्या हातानं पाठवत नाही. रॉननं मान हलवली. म्हणाला, "नो मेट. ते बक्षीस नाही. तू चुकलास हे सगळ्यांना दिसावं म्हणून फळ्यावर लिहून ठेवतात."

तेव्हा मी हसलो होतो.

केतकी फॉरवर्ड होती. फॉरवर्डनं खांबांच्या पुढ्यात राहायचं, मागून कुणी चेंडू उंच मारील तो उडी मारून झेलायचा. झेलला की सगळा खेळ थांबतो. मग तिनं एकटीनं, सगळ्यांसमोर, खांबांकडं बघून तो मारायचा. लोकांना ती उडी दिसते. मला सवय लागली ती उडीच्या आधीचं बघायची. ती पळायची, हात पसरायची, चेंडू यायचाच नाही. वळून परत जागेवर जायची. परत पळायची. परत नाही. पुढच्याला वाटावं ही पोरगी नुसती इकडून तिकडं धावते आहे. मी भिंत बांधायचो तेव्हा कितीही वाईट दिवस गेला तरी संध्याकाळी विटांचा एक थर वर आलेला असायचा. पाणी मारून घरी जायचं, सकाळी तो थर तिथंच असायचा. हिच्या कामात तसलं काही नव्हतं. आज पळाली ते आजच संपलं.

तिच्या सरावाला मी खांबांच्या मागं उभा राहायचो. ती मारायची, मी चेंडू गोळा करून परत टाकायचो. सकाळी गवत इतकं ओलं की बूट दिवसभर वाळायचे नाहीत. इथं चेंडू हातानं फेकत नाहीत, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारतात. मी तेही शिकलो. रॉन म्हणायचा, पुढच्या वर्षी क्लब तुलाच घेतोय बघ. वसंतात ते मॅगपाय पाखरू, काळंपांढरं, घरट्यापायी माणसांच्या डोक्यावर सूर मारतं. इथले लोक टोपीच्या मागच्या बाजूला मोठे डोळे चिकटवतात, म्हणजे पाखराला वाटतं हा बघतो आहे. केतकीनं माझ्या टोपीला डोळे काढून दिले. मी घातली नाही ती टोपी. पाखराला भिऊन टोपीला डोळे लावायचे म्हणजे काय. त्या वर्षी पाखरानं चोचीनं माझा कान दोनदा फोडला. केतकी खांबापाशी बसून पोट धरून हसली होती. आता मी खिडकीतून तो खांब बघतो तेव्हा ते हसू आठवतं, आणि मग खिडकीपाशी उभं राहवत नाही.

२०२२ साली बायकांच्या मोठ्या स्पर्धेतल्या क्लबानं तिला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्यातली कुणी पोरगी इतक्या वर गेलेली आमच्या ओळखीत नव्हती. मंडळात पेढे वाटले. पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, क्रेगीबर्नहून, लोक फोन करायचे, प्रमोद फोन स्पीकरवर टाकून घरभर फिरायचा. हाच प्रमोद आधी म्हणत होता, फूटी ठीक आहे पण युनी सोडायची नाही. युनी म्हणजे इथलं कॉलेज.

त्यांच्यात एक रीत आहे. पोरगी पहिल्यांदा मोठ्या संघात खेळणार असली की आदल्या दिवशी सगळ्या संघासमोर तिला तिची जर्सी देतात, आणि ती द्यायला तिच्या घरचं माणूस बोलावतात. कुणाची आई येते, कुणाचा पहिला कोच. केतकीनं माझं नाव दिलं. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं, पण मागं हटलो नाही. मला बोलावलं होतं, मी जाणार.

जर्सी हातात आल्यावर आत काखेपाशी मी हळदीकुंकवाचं बोट लावलं. पुडी खिशातून नेली होती. कपडे सांभाळणाऱ्या बाईनं ते बघितलं. ते डाग नंतर कधी गेले नाहीत. सगळ्या पोरी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, गुडघ्यांवर पट्ट्या बांधलेल्या, तगड्या पोरी. मला म्हणाले, बोला. मी मराठीत बोललो. म्हटलं, "ही माझी नात. हिला चालायला मी शिकवलं नाही, तेव्हा मी तिकडं होतो. पण हिला पळताना मी बघितलं आहे."

सगळ्यांनी केतकीकडं बघितलं. ती म्हणाली, "ही सेज आय'म फास्ट."

खोली हसली. मला कळलं होतं की तिनं सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला पुढं बोलता आलं नसतं.

मॅचच्या दिवशी सकाळी मी देवापुढं उभा राहिलो. आमचे देव वरच्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या कपाटात. उदबत्तीनं छतावरचा अलार्म बोंबलतो म्हणून नुसते हात जोडायचे. मी पालीच्या खंडोबाचं नाव घेतलं आणि म्हटलं, पोरीचा पहिला गोल होईपर्यंत चहा पिणार नाही. खाली येऊन माझा कप उपडा घातला. अश्विनीला सांगावंच लागलं, तिनं चहा गाळला होता. म्हटलं, संध्याकाळी घेतो. प्रमोदला कळलं तर कळू दे, केतकीला कळता कामा नये.

संध्याकाळीच घेणार होतो. मला त्यात शंका नव्हती.

त्या दिवशी केतकीला एकदाच मोकळा चेंडू मिळाला. तिनं मारला तो खांबावर आपटला. तो आवाज मला वर स्टँडमध्ये ऐकू आला, कुणी दारावर थाप मारावी तसा. एक झेंडा. घरी आल्यावर ती लगेच ओट्यापाशी गेली. म्हणाली, "आबा, चहा टाकते."

"नको. पित्त झालंय."

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग स्वतःपुरतं पाणी ठेवलं.

आणखी दोन मॅच खेळली, त्यांत झेंडाच नाही. मग सरावात एका सकाळी गुडघा गेला. जवळ कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नाही. वळली आणि खाली बसली. मी खांबांमागून पळत आलो तर म्हणाली, "आबा, आय'म फाइन," आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता.

२०२३ च्या वसंताबद्दल माझ्याकडं लिहायला फार नाही. वारा होता, वॉटल फुलली होती, पाखरं सूर मारत होती. केतकी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पडून पाय वर उचलायची आणि खाली ठेवायची. ऑपरेशनची रेघ गुडघ्यावरून सरळ खाली गेलेली. टीव्हीवर तिच्या संघाची मॅच असली की आवाज बंद करून बघायची. मी शेजारी बसायचो, गरम पाण्याचा कप घेऊन. चहावाचून पहिले काही महिने माझं डोकं फुटायचं. अश्विनी खालच्या आवाजात म्हणायची, "आबा, घोटभर घ्या हो. देवाला कोण सांगायला जातंय?"

"देवाला सांगायला कुणी लागत नाही."

"मग निदान मॅच खेळेपर्यंत तरी घ्या. सध्या ती खेळतच नाहीये, गोल होणार कुठून?"

मुद्दा बिनतोड होता. पण नवसात मधली सुट्टी नसते. मंडळाच्या कार्यक्रमात चहाचा ट्रे पुढं आला की मी हात आडवा करायचो. लोक म्हणायचे, काय आबा, शुगर का? मी म्हणायचो, हो, शुगर. इतकं खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.

आणि मग २०२४. ती परत उभी राहिली. सकाळी परत आम्ही मैदानावर. पण चेंडू पूर्वीसारखा वर चढत नव्हता, बुटक्या झाडाच्या उंचीनंच जायचा. मी चेंडू गोळा करून परत टाकायचो. रॉन कुंपणाशी उभा राहून बघायचा, आणि रॉन गप्प राहिला की समजायचं. क्लबानं बरेच आठवडे तिला दुसऱ्या फळीतच ठेवलं. करार त्याच वर्षी संपत होता. घरात कुणी तो शब्द काढत नव्हतं. अश्विनी पोळ्या लाटताना म्हणायची, एक गोल होऊ दे रे, एकच. माझ्यासाठी म्हणायची का तिच्यासाठी, मी विचारलं नाही. तोवर दोन्ही एकच झालं होतं.

शेवटच्या काही मॅचना तिला वर घेतलं. आणि शेवटची मॅच आली. आम्ही कधीचेच हरलो होतो. शेवटचा क्वार्टर, स्टँडमधली माणसं उठून पार्किंगकडं निघालेली, वारा सुटलेला, चिप्सच्या रिकाम्या पिशव्या मैदानात घुसत होत्या. मागून कुणीतरी चेंडू उंच मारला. केतकी दोघींच्या मधून वर गेली आणि झेलून त्याच गुडघ्यावर उतरली. मी चेंडू बघितला नाही, गुडघा बघितला. ती उठली. चेंडू तिच्या हातात होता.

खांब लांब नव्हते. तिनं मोजे वर ओढले. गवताच्या दोन काड्या उपटून सोडल्या, वाऱ्यानं त्या डावीकडं नेल्या. मागं मागं चालत गेली. पुढ्यात नियमाप्रमाणं पलीकडच्या संघातली एक उंच पोरगी दोन्ही हात वर करून उभी राहिली. मग केतकीनं मान वर करून आमच्याकडं बघितलं. असं ती कधी करायची नाही.

पळत आली आणि मारला. चेंडू दोन उंच खांबांच्या मधोमध गेला, सूत धरल्यासारखा.

प्रमोद ओरडला नाही. तो उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत खाली पळत सुटला. मी विचारलं, "अरे, कुठं?"

"चहा," तो मागं न बघता म्हणाला.

खाली पोरींनी केतकीला मिठी मारली होती. त्या घोळक्यात तिचं डोकं तेवढं दिसत होतं. अश्विनीनं माझा हात घट्ट धरला. मी झेंड्यांकडं बघत होतो. झेंडे हलत नव्हते. ती उंच पोरगी मैदानात अंपायरला स्वतःची बोटं दाखवत होती. एक अंपायर आला, मग दुसरा, खांबांपाशी जमून बोलायला लागले. गवंड्याच्या कामात असं होत नाही. वीट बसली की बसली, बसल्यावर तिच्याविषयी चर्चा होत नाही. मिठी सुटत गेली. एकेक पोरगी बाजूला झाली आणि केतकी मधे एकटी उरली, कमरेवर हात ठेवून.

बोटाला शिवला होता. अंपायरनं एक झेंडा उचलला आणि हलवला.

तेवढ्यात प्रमोद आला. पाठमोरा पळाला होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. घामानं डबडबलेला, हातात कागदी कप, तोंडभर हसू. "घ्या, आबा." अश्विनी त्याच्याकडं बघत राहिली. मग त्यानं वळून फळा बघितला. ते हसू लगेच गेलं नाही, जायला वेळ लागला. ते बघणं मला एका झेंड्यापेक्षा जड गेलं.

मी कप घेतला. पोराला परत ने म्हणवलं नाही. पिशवी बुडवलेला पांचट इथला चहा, पण वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. म्हातारं शरीर बेशरम असतं. मॅच संपेपर्यंत मी तो कप दोन्ही हातांत धरून बसलो. गार झाल्यावर प्रमोदनंच मुकाट्यानं नेऊन ओतला.

पुढच्या आठवड्यात क्लबात बोलावणं आलं. केतकी गाडी चालवत होती, मी शेजारी बसून गेलो. म्हणाली, गाडीत थांबा. मी पट्टा सोडून, टोपी नीट करून, पाय मोकळे करावे म्हणून दार उघडतो आहे तोवर ती परत येताना दिसली. हातात भाजीची हिरवी पिशवी. आत तिचे बूट, पाण्याची बाटली, आणि ती जर्सी.

"काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले."

फ्रीवेवर वारा गाडीला ढकलत होता.

घरी कुणी नव्हतं. दुपार होती. तिनं पिशवी दारात ठेवली, सरळ ओट्यापाशी गेली, पातेलं काढलं आणि दोन कप मांडले. दोन.

मी म्हटलं, "मला नको. पित्त."

"आबा, स्टॉप इट."

मी टोपी काढून ओट्यावर ठेवली.

"दहा वर्षं कोण करत होतं तुमचा चहा? एक दिवस अचानक तुम्ही नको म्हणालात. मला कळणार नाही?"

"आईनं सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. तुम्ही देवाशी किती मोठ्यानं बोलता, माहितीये? मी पलीकडे बाथरूममध्ये होते. शॉवर चालू होता, तरी ऐकलं."

"मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?"

ती पाण्याकडं बघत होती. पाण्याला अजून बुडबुडे आले नव्हते. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंतचंच तर आहे."

माझंच वाक्य. मी खुर्ची ओढून बसलो.

"त्या शेवटच्या किकला मी वर बघितलं ना," ती म्हणाली, "बाबा बसलेत का ते बघत होते. आय न्यू ही'ड रन, चहा आणायला."

"हे बघ, केतकी. नवस देवाशी असतो. तुझा त्याच्याशी संबंध नाही."

"गोल मीच करायचा होता ना पण?"

मी म्हटलं, "दुसरा क्लब घेईल."

"नाही घेणार."

"रॉन सांगत होता की..."

"आबा. नाही घेणार." आवाज चढवला नाही तिनं. दुकानात एखादी वस्तू संपली म्हणून सांगतात तसं सांगितलं. "तो गोल आता होणार नाहीये. घ्या चहा."

मी नाही घेतला. तिनं स्वतःचा अर्धा कप उभ्यानं प्यायला, उरलेला सिंकमध्ये ओतला आणि वर गेली. जिन्यावर तिचा गुडघा वाजतो. तेव्हाही वाजत होता, आताही वाजतो. आता ती युनीत जाते, चांगले मार्क मिळवते, आणि फूटीचा विषय निघाला की उठून दुसरीकडं जाते. चेंडू गॅरेजमध्ये आहे. हवा गेली आहे त्यातली. मी कुणाला तो टाकू देत नाही.

लोक समजूत घालायला आले होते. चला, शिक्षणाला वेळ मिळेल. अनुभव तर आला. तरुण आहे अजून. मी ऐकून घेतलं. ज्याची परांची कोसळली त्याला खालून कुणी सांगत नाही की वरून गाव छान दिसलं असेल. प्रमोद मान डोलावत होता, आणि त्याच्या तोंडावर दुःखाच्या आत कुठंतरी सुटका झाल्यासारखं होतं. त्यासाठी मी त्याच्याशी काही दिवस बोललो नाही. अश्विनी स्पष्टच म्हणाली, आबा, पोरीच्या डोक्यावर ओझं टाकलंत तुम्ही. मी म्हटलं, माझ्या चहानं त्या उंच पोरीची बोटं लांब केली काय? अजूनही मी तेच म्हणतो. मला कुणी दुसरं पटवून दिलेलं नाही.

पण त्या दुपारी, सगळे घरी यायच्या आधी, मी एकटा ओट्यापाशी बसलो होतो आणि माझा कप समोर होता, तिनं सरळ मांडलेला, कोरडा. दोन वर्षं तो उपडा होता तोवर एक गोल कुठंतरी बाकी होता. यायचा होता. रोज सकाळी कप उपडा बघितला की मला वाटायचं, अजून आहे. लोकांना वाटायचं म्हातारा उपास करतो आहे. मी तेवढ्यावर जगत होतो. आणि ती वर तिच्या खोलीत, दार लावून, तोच गोल डोक्यावर घेऊन बसली होती. मी चहा पीत नाही तोवर तिला तो खाली ठेवता येणार नव्हता. मी प्यायलो की तो संपणार होता. कायमचा. कुठल्याही मैदानावर, कुठल्याही वसंतात तो होणार नव्हता.

मी कप धुतला, कोरडाच होता तरी धुतला, आणि जागेवर ठेवला. उपडा नाही ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून वर गेलो. कपाट उघडून देवापुढं हात जोडले, या खेपेला एक शब्द बोललो नाही, आणि कपाट लावून घेतलं. खाली येऊन पातेल्यात पाणी ठेवलं. बाहेर ते पाखरू ओरडत होतं. जिन्यावर गुडघा वाजला. केतकी आली, पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला कोपरानं बाजूला सारून तिनं आलं ठेचायला घेतलं. दोन तुकडे खाली पडले. साखर घातली, दूध घातलं, गाळला, कप माझ्या पुढ्यात ठेवला. मी उभ्यानंच घोट घेतला. सवय मोडली होती, जीभ भाजली.

"आबा, टू मच?"

"हो," मी म्हणालो. "जास्त झाली."

आणि कप रिकामा केला.